वाचकांचे प्रश्न : दळण किती बारीक असावे?

प्रश्न : माझ्या यजमानांना सहा वर्षांपासून मधुमेह आहे. मैदा आणि पॉलिशचा तांदूळ आम्ही बंद केला असून गहू निवडून नाक्यावरच्या गिरणीतून दळून आणतो आणि कणीक चाळतही नाही. तरीही जेवणानंतरची साखर अपेक्षेइतकी उतरत नाही. कोंडा शाबूत असताना असे का व्हावे? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : कोंडा राखलात हे उत्तमच केलेत, त्यातील तंतू आणि ब जीवनसत्त्वे त्यामुळे ताटात राहिली. मात्र धान्यावर गिरणीत दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात. कोंडा आणि अंकुर काढून टाकणे ही पहिली, आणि दाणा फोडणे ही दुसरी. आपले सारे लक्ष पहिलीकडे असते. गव्हाच्या दाण्याचा सुमारे ८३ टक्के भाग पिठूळ गाभ्याचा असतो आणि त्यातील स्टार्च (पचल्यावर ज्याची साखर होते तो पिष्टमय भाग) पेशींच्या भिंतींआड कोंडलेला असतो. दाणा अख्खा किंवा जाडसर असेपर्यंत पाचक रसांना तिथे हळूहळूच शिरता येते, आणि काही स्टार्च तर न पचताच मोठ्या आतड्यापर्यंत जाऊन तेथील जिवाणूंचे अन्न होतो. पीठ होताना या भिंती फुटतात, मग कोंडा त्याच पिठात मिसळलेला असला तरी तो स्टार्चला फारसा आडोसा देऊ शकत नाही. म्हणूनच ग्लुकोजला १०० धरून केलेल्या ग्लायसेमिक निर्देशांकाच्या (पदार्थ रक्तातील साखर किती वाढवतो याच्या मापाच्या) मोजणीत पांढरा पाव आणि बारीक पिठाचा गव्हाचा पाव हे दोन्ही ७५च्या आसपासच येतात. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या संशोधकांनी १९८८ मध्ये अख्खा गहू, भरडलेला गहू, जाड पीठ आणि बारीक पीठ यांची तुलना केली, तेव्हा दळण जसजसे बारीक होत गेले तसतसा इन्सुलिनचा प्रतिसाद पायरीपायरीने वाढत गेला.

आपल्या चक्कीची आणखी एक गोष्ट आहे. दगडांच्या घर्षणाने आणि उष्णतेने स्टार्चचे कणही दुखावतात, असे कण पाणी जास्त धरतात आणि म्हणूनच पोळी मऊ राहते. पण तेच कण पचायलाही सोपे असतात. ज्या मऊपणावरून घरातल्या सुगरणीचे कौतुक होते, त्याची ही दुसरी बाजू! पोळी सोडावी असे मी म्हणणार नाही. गिरणीत दळण थोडे जाड मागावे, आठवड्यातून काही वेळा पोळीऐवजी गव्हाचा दलिया किंवा ज्वारीच्या कण्या भरपूर भाज्या घालून शिजवाव्यात, आणि पोळी असेल त्या जेवणात डाळ किंवा उसळ पुरेशी असावी. ओट्सनाही हाच नियम लागू आहे, कारण झटपट होणारे ओट्स आणि जाड ओट्स यांत बराच फरक पडतो. पदार्थ तोलून तेवढाच घेऊन वेगवेगळ्या दिवशी घरच्या ग्लुकोमीटरवर दोन तासांनी साखर मोजलीत, तर कोणत्याही तक्त्यापेक्षा ती नोंद अधिक उपयोगी पडेल. ती डॉक्टरांना दाखवावी. गोळ्यांची मात्रा स्वतः बदलू नये.

प्रश्न : आमच्या घणसोलीच्या घरात सासूबाई उकड्या तांदळाचा आग्रह धरतात, मुलांना मात्र पांढरा कोलमच हवा असतो. उकडा खरोखर चांगला का? आणि तांदळाची भाकरी भातापेक्षा हलकी असते का?

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. उकड्यासाठी भात टरफलासकट भिजवून, वाफवून आणि वाळवून मग सडतात, म्हणजे त्याचे टरफल व कोंडा काढतात. या वाफेत कोंड्यातील ब१ जीवनसत्त्वाचा काही भाग दाण्यात उतरतो, त्यामुळे नंतर सडला तरी तो पूर्ण वाया जात नाही. (पॉलिशच्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना ब१च्या अभावी जडणारा, माणसांतल्या बेरीबेरीसारखा आजार जावामध्ये ओळखणाऱ्या क्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरांना १९२९ मध्ये नोबेल मिळाले.) शिवाय वाफवून वाळवल्यावर स्टार्च घट्ट बसतो, म्हणून त्याच जातीच्या पांढऱ्या तांदळापेक्षा उकडा सहसा सावकाश पचतो. तरीही वाढताना वाटीचे माप सोडू नये.

भाकरी मात्र हलकी म्हणता येत नाही. तांदूळ पीठ होतो, त्या पिठाची कढत पाण्यात उकड काढली जाते, म्हणजे तो आधीच फुटलेला आणि फुललेला असतो. मासळीच्या कालवणासोबत ती रुचकर लागते हे मान्यच; पण चार भाकऱ्या म्हणजे काहीच नाही, हा समज सोडावा. शिळ्या, थंड भाताने साखर कमी वाढते असेही आपण ऐकले असेल. गारव्यात काही स्टार्च न पचणारा होतो हे खरे, परंतु परिणाम बेताचाच असतो आणि आपल्या दमट हवेत उघड्यावर रात्रभर ठेवलेल्या भातात जिवाणूंचे जे विष तयार होऊ शकते, ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. थंड करायचाच तर भात लवकर फ्रिजमध्ये ठेवावा.

प्रश्न : वजन कमी करण्यासाठी संध्याकाळी कुरमुरे खातो, पण तासाभरात पुन्हा भूक लागते. (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : कुरमुरे वजनाला हलके असले, तरी फुलताना त्यांचा स्टार्च मोकळा होतो, ते भराभर विरघळतात आणि चावावे लागत नाहीत. अमेरिकेत २०१९ मध्ये झालेल्या एका नियंत्रित प्रयोगात २० जणांना आळीपाळीने अतिप्रक्रिया केलेला (कारखान्यात तयार झालेला) आणि साधा असे दोन आहार दिले. समोर ठेवलेल्या जेवणातील ऊष्मांक, साखर, मेद आणि तंतू दोन्हींत सारखेच होते, तरी अतिप्रक्रिया केलेल्या आहारावर माणसे भराभर जेवली आणि दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. कुरमुरे त्या वर्गातले नव्हेत, पण खाण्याच्या वेगाचा मुद्दा इथेही लागू होतो. मूठभर कुरमुऱ्यांत भिजवून उकडलेले काळे चणे, कांदा आणि काकडी घालून पाहा. चणे चावायला वेळ लागतो.