बोटीवरच्या यंत्रात पाणी गेलं, म्हणून वॉरंटी नाही?

प्रश्न : माझा हडपसरला छपाईचा व्यवसाय आहे. धाकटा भाऊ हर्णैला स्वतःच्या छोट्या बोटीवर मासेमारी करतो. त्याच्यासाठी एप्रिलमध्ये बुधवार पेठेतल्या एका दुकानातून जीपीएस असलेला फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) घेतला, ट्रान्सड्युसरसकट (पाण्यात ध्वनिलहरी सोडून झेलणारा भाग) 86,000 रुपयांना. दुकानदाराच्या सांगण्यावरून बिल माझ्या फर्मच्या जीएसटी नंबरवर केलं. पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर ऑगस्टमध्ये तो बसवला आणि काही दिवसांतच स्क्रीन काळी पडली. दुकानदार म्हणतो, पाणी गेलंय, कंपनीकडे जा. कंपनी म्हणते, हा सेट आमच्या इथल्या वितरकाकडून आलेला नाही, सबब वॉरंटी नाही. आता दुकानदार निम्म्या किमतीत दुसरा सेट देऊ म्हणतो. शिवाय त्याच्याकडूनच व्हीएचएफ वायरलेस (बोटीवरून बोलायचा रेडिओ) घ्यायचा विचार होता. काय करावं?

उत्तर : निम्म्या किमतीचा सेट घेऊ नका. घेतलात तर सोबत ‘यापुढे काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागतील, आणि तुमचे 86,000 तिथेच बुडतील.

पैसे घेतले दुकानदाराने, बिल त्याचं, तेव्हा जबाबही त्यानेच द्यायचा. ‘कंपनीकडे जा’ म्हणून त्याची सुटका होत नाही. उलट कंपनीच्या उत्तराने तो जास्त अडकलाय. वितरकाबाहेरून आणलेला माल कंपनीची वॉरंटी आहे असं सांगून विकला असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे ती अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. कंपनीचं उत्तर लेखी किंवा ईमेलवर घ्या. मूळ खोकं आहे ना? पॅकबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांनुसार आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता छापलेला लागतो. तो नसेल तर खोक्याचा चारी बाजूंनी फोटो काढा. वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या) विभागाकडे तेवढ्यावर वेगळी तक्रार होते.

आता पाण्याचं. यंत्र बोटीसाठीच विकलंय! माहितीपत्रकात आयपीएक्स7 लिहिलं असेल तर त्याचा अर्थ, एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही आत पाणी शिरता कामा नये. मग लाटेच्या तुषारांनी सेट बंद पडला तर ‘पाणी गेलंय’ हा बचाव कसला? तो तर दोषाचा कबुलीजबाब आहे. मात्र समोरचा वकील वायरिंगवर नक्की बोट ठेवेल. फ्यूज लावला होता का, बॅटरीच्या वायरी उलट जोडल्या नव्हत्या ना, हे भावाला विचारा आणि ज्याने सेट बसवला त्याच्याकडून लिहून घ्या. सेट उघडू देऊ नका. दुरुस्तीला दिलाच तर सिरीयल नंबर आणि बाहेरची स्थिती लिहिलेली जॉब शीट घ्या. वाद राहिला तर ग्राहक आयोग सेट प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

तुमची खरी अडचण आहे ती जीएसटीच्या बिलात. व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार कायद्याने ग्राहक नसतो. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू मात्र त्यातून वगळलेली आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मदतीला एक-दोन माणसं असली तरी असा माणूस ग्राहकच राहतो. त्यामुळे भावाबरोबर एखादा खलाशी असेल तर बिघडत नाही. पण बिल छापखान्याचं आणि यंत्र बोटीवर, हे दुकानदार पहिल्याच तारखेला पुढे करणार. इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं असेल तर आधी सीएला सांगून ते परत करा. ते घेऊन तक्रार लढवणं धोक्याचं आहे, आणि लपवण्याचा सल्ला मी देणार नाही. तक्रार दोघा भावांच्या नावे करा, कारण खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच असतो. बोटीची नोंदणी, मासेमारीचा परवाना आणि भावाचं शपथपत्र जोडा. एवढं करूनही आयोगाला पटलं नाही, तर वस्तुविक्री कायदा, 1930 चं कलम 16 आहे : कशासाठी हवंय हे दुकानदाराला सांगून आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून घेतलेला माल त्या कामाला लायक असलाच पाहिजे. पण तो दावा दिवाणी न्यायालयात, म्हणजे वेळ आणि कोर्ट फी दोन्ही.

बाकी सोपं आहे. स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, पंधरा दिवस वाट बघा, मग पुणे जिल्हा ग्राहक आयोगात दुकानदार आणि कंपनी दोघांविरुद्ध तक्रार दाखल करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्याही दाखल होते. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडा. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी दुकानात असेलच (पुण्यात पाटीवाचून दुकान चालतं कुठे!), तिला घाबरू नका. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीच अनुचित प्रथा आहे. यंत्र बंद पडल्याने हुकलेल्या मासळीची भरपाई मागाल तर विक्रीच्या पावत्या लागतील. नसतील तर पैसे, व्याज, मनस्ताप आणि खर्च एवढंच मागा.

व्हीएचएफचं मात्र वेगळं आहे. फिशफाइंडरचा जीपीएस उपग्रहाचे संदेश नुसते ऐकतो, वायरलेस सेट स्वतः प्रसारण करतो. त्याला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. या दुकानदाराने परवान्याचं नावही न काढता सेट पुढे केला, तर हात लावू नका.