महिन्याला ठराविक रक्कम देऊन एखादं मूल 'स्पॉन्सर' केलं तर गावाकडच्या कुटुंबाची गरिबी खरंच हटते का? की तेच पैसे गावाच्या विकासकामाला द्यावेत?

मुलाची बऱ्यापैकी हटते, घराची आपोआप हटत नाही. घाईत असाल तर एवढं वाचून गेलात तरी चालेल. बाकी 'हा सगळा धंदा आहे, पोरांचे फोटो दाखवून पैसे उकळतात' असं ठणकावून सांगणारे मला कायम भेटतात आणि त्यातल्या एकानेही असं मूल जवळून बघितलेलं नसतं. मी स्वतः ते मूल होतो, त्यामुळे जरा लांबणार आहे, आधीच सांगतो.

आमच्या गावात संस्था आली तेव्हा नियम असा होता की एका घरातून एकच मूल आणि तेही बारा वर्षांच्या आतलं. दादा नुकताच बाराच्या पुढे गेला होता, म्हणून मी. हुशारी वगैरे काही नाही, जन्मतारीख. फोटोच्या दिवशी शाळेच्या भिंतीला टेकवून एकेकाला उभं केलं, हातात पाटी दिली, पाटीवर खडूने माझा नंबर. बाबा मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, त्यांना वाटलं घरातल्यांचा फोटो आहे, ते येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. कॅमेरावाल्याने अगदी नीट, आदराने सांगितलं, 'बाबा, तुम्ही जरा बाजूला व्हा, फक्त मुलगा पाहिजे.' बाबा झाले बाजूला. माणूस उद्धट असता तर एक वेळ राग तरी काढता आला असता.

पुढे कॉलेजात असताना मी या सगळ्याचा इतिहास वाचला तेव्हा ते 'बाजूला व्हा' कुठून आलं ते कळलं. ही पद्धत मुळात युद्धातल्या आणि अनाथ पोरांसाठी निघालेली आहे. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात जॉन लँग्डन-डेव्हिस नावाच्या ब्रिटिश पत्रकाराने सुरू केलेली संस्था ती आजची प्लॅन इंटरनॅशनल. वर्ल्ड व्हिजन ही संस्था १९५० ची आणि कम्पॅशन १९५२ ची, या दोघींचं मुलं स्पॉन्सर करणं सुरू झालं ते कोरियन युद्धातल्या अनाथांपासून. तिथे फोटोत आईबाप नसणार हे उघडच आहे, ते मेलेले किंवा हरवलेले. पण तोच साचा नंतर जिवंत, राबत्या आईबापांच्या खेड्यांत आणून बसवला आणि आईबाप तेवढे कडेला गेले. गंमत म्हणजे प्लॅन स्वतःची जी गोष्ट सांगते त्यात लँग्डन-डेव्हिसला होसे नावाचा पोरगा सापडतो आणि त्याच्याजवळ बापाने लिहिलेली चिठ्ठी असते, की शहर पडलं की मला गोळी घालतील, जो कोणी भेटेल त्याने माझ्या पोराला सांभाळावं. म्हणजे पहिल्या गोष्टीत तरी बाप होता!

पत्रांचं म्हणाल तर ती सगळ्यांची सारखीच. फळ्यावर मजकूर असायचा, मी बरा आहे, अभ्यास चांगला चालू आहे, तुम्ही कशा आहात. मग आपापलं एखादं वाक्य घालायचं आणि खाली एक चित्र. माझी स्पॉन्सर म्हणजे परदेशातल्या एक वयस्क बाई, त्या मात्र मनापासून लिहायच्या, एकदा विचारलं घरात कोण कोण असतं. मी लिहिलं की दादा आहे आणि त्याला पण कोणी मिळेल का. ताईंनी (संस्थेच्या कार्यकर्त्या, आम्ही ताईच म्हणायचो) त्या ओळीवर पेनाने रेघ मारली आणि नवीन कागद दिला. मागायचं नाही असा नियम होता आणि नियम का आहे ते आज मला कळतं, नाहीतर प्रत्येक पत्र म्हणजे अर्जच झाला असता. पण दादा शेजारीच बसला होता आणि त्याने ती रेघ बघितली.

इथून आमचं भांडण सुरू होतं आणि खरं सांगायचं तर तुमचा प्रश्न मला त्याचसाठी टोचला.

दादाचं म्हणणं असं: तुला त्या बाईंनी नाही शिकवलं. संस्थेने हातपंप बसवला म्हणून पाण्याच्या खेपा वाचल्या, आईचा बचत गट उभा राहिला म्हणून सावकाराचं तोंड बघावं लागलं नाही आणि मी शाळा सोडून कामाला लागलो म्हणून तुझं कॉलेज झालं. संस्थेच्या माहितीपत्रकात तुझा फोटो आहे, माझा पगार कुठे आहे? हे तो घरातल्या प्रत्येक कार्यात, चार माणसं जमली की, न चुकता बोलतो.

माझं म्हणणं: पंप सगळ्या गावाला मिळाला. बचत गट अर्ध्या गावाच्या बायकांचा होता. कामाला लागलेला मोठा भाऊ तर घरटी एक होता. मग माझ्या वर्गातली बिगर-स्पॉन्सर पोरं आठवी-नववीत का गळाली? फरक वस्तूंचा नव्हता, दप्तर आणि बूट वर्षभरात फाटतातच. फरक हा होता की मी दोन दिवस शाळेत दिसलो नाही की ताई घरी यायच्या. ओरडायच्या नाहीत, ओट्यावर बसून राहायच्या, आईशी इकडचं तिकडचं बोलायच्या आणि जाताना मला विचारायच्या, 'मग उद्या?' सरकारी शाळेतल्या मास्तरांना हे शक्य नव्हतं, त्यांच्यावर साठ पोरं. दहावीनंतर काय असतं हे आमच्या घरात कोणाला माहीतच नव्हतं, ते ताईंकडून कळलं.

आणि हे फक्त माझं भावनिक बोलणं नाही. २०१३ मध्ये ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवी आणि लेन रटलेज या अर्थशास्त्रज्ञांनी कम्पॅशनच्या कामावर सहा देशांत (भारत, युगांडा, केनिया, फिलिपिन्स, ग्वाटेमाला, बोलिव्हिया) केलेला अभ्यास छापून आला, दहा हजारांवर माणसांची माहिती, त्यातली १,८६० लहानपणी स्पॉन्सर झालेली. स्पॉन्सर झालेली मुलं साधारण १.०३ ते १.४६ वर्षं जास्त शिकली, माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, मोठेपणी पगारी आणि बऱ्या नोकरीत असण्याची शक्यताही वाढली. हे का होतं याबद्दल त्यांचा अंदाज असा की मुलाच्या स्वतःकडून असलेल्या अपेक्षाच वाढतात. ताईंचा 'मग उद्या?' तो हाच. आता यातली मजा बघा, तुलना करायला त्यांनी कोण घेतलं? तिथेही बाराच्या आतली अट होती, म्हणून स्पॉन्सर झालेल्या मुलाची तुलना वयामुळे हुकलेल्या त्याच्याच मोठ्या भावंडांशी केली. म्हणजे आमचा दादाच! त्याला मी हे सांगितलं तर म्हणतो, 'बघ, तुमच्या अभ्यासात पण मी नुसता मोजायलाच.' यावर मला आजतागायत धड उत्तर सुचलेलं नाही, पण म्हणून मुद्दा त्याचा होत नाही.

त्याच्या बाजूने एवढं मान्य करतो की अख्खं घर वर काढायचं तर घराच्या कमावत्या माणसाला धरावं लागतं. बांगलादेशात ब्रॅक नावाच्या संस्थेने २००२ पासून हेच केलं, सगळ्यात गरीब घरांना जनावरं किंवा दुसरं कमाईचं साधन, सुरुवातीचे काही महिने घरखर्चाला पैसे, प्रशिक्षण, बचतीची सवय आणि दर थोड्या दिवसांनी घरी येणारा माणूस, साधारण दोन वर्षं. सहा देशांत हे तपासलं, २०१५ मध्ये 'सायन्स' या संशोधन-नियतकालिकात छापून आलं, कार्यक्रम संपून वर्ष झालं तरी घरांचा खर्च आणि मालमत्ता वाढलेलीच होती. होंडुरासमध्ये मात्र फसलं, तिथे बऱ्याच घरांना कोंबड्या दिल्या आणि त्या रोगाने मेल्या. तेव्हा नुसती 'वस्तू द्या' म्हणणाऱ्यांनी कोंबड्या लक्षात ठेवाव्यात. आणि परत बघा, इथेही घरी येणारा माणूस आहेच.

म्हणून 'मूल की गाव' हा प्रश्नच अर्धा चुकलाय. प्लॅन, वर्ल्ड व्हिजन, अ‍ॅक्शनएडसारख्या बऱ्याच मोठ्या संस्था तुमचे पैसे त्या एका मुलाच्या हातात देतच नाहीत, ते पाणी, शाळा, आरोग्य, बचत गट अशा कामांत जातात, मूल हा फक्त तुम्हाला दिसणारा चेहरा. कम्पॅशनसारख्यांचं काम जास्त थेट मुलावर. काय निवडायचं ते तुम्ही बघा, पण पैसे देण्याआधी फोन करून विचारा की मुलामागे किती कार्यकर्ते आहेत आणि ते घरी जातात का. वयात न बसणाऱ्या मोठ्या भावंडांसाठी काय आहे, एखादं कौशल्याचं प्रशिक्षण, काहीतरी? इथे 'आमच्या नियमात नाही' असं उत्तर आलं तर पुढची संस्था बघा. फोटोत आईबाप असतात का हेही विचारा, हसतील, हसू दे. आणि कृपा करून पत्राची वाट बघत बसू नका. पत्र आलं नाही म्हणून पैसे बंद करणारे लोक असतात आणि त्या भीतीने पोरांकडून फळ्यावरचं उतरवून घेतलं जातं. वर्षातून एकदा तो कितवीत आहे एवढं कळलं तरी पुरे, ज्यांना जास्त नातं हवंय त्यांनी स्वतःच्या भाच्या-पुतण्यांना पत्रं लिहावीत.

आता राहिलेलं. हे मी एका घरावरून बोलतोय आणि आमच्या ताई चांगल्या होत्या, सगळीकडे तशा नसतात. १९९८ मध्ये शिकागो ट्रिब्यूनच्या पत्रकारांनी स्वतः मुलं स्पॉन्सर केली आणि नंतर त्यांना शोधत गेले, तर मालीतली एक मुलगी केव्हाच वारली होती आणि पैसे घेणं चालूच होतं. त्यानंतर मोठ्या संस्थांनी नियम कडक केले, पण विचारायचा तुमचा हक्क आहे. दुसरं, परदेशी पैशावर चालणारं काम एका दिवसात थांबू शकतं, त्या अभ्यासातल्याच कम्पॅशनला २०१७ मध्ये परकीय निधीच्या नियमांमुळे भारतातलं काम बंद करावं लागलं, जवळपास दीड लाख मुलं होती. त्यामुळे गावातल्या लोकांच्या हातात काय उरणार आहे, गट, समिती, पंप दुरुस्त करणारा माणूस, ते आधी बघा. इथे दादा बरोबर आहे, त्याला सांगू नका.

आणि वसतिगृह किंवा 'अनाथालय' चालवून मुलं स्पॉन्सर करा म्हणणाऱ्यांपासून चार हात लांबच राहा. जगभरात अशा ठिकाणच्या बहुतेक मुलांचे आई किंवा बाप जिवंत असतात, पोरगं गरिबीमुळे तिथे ठेवलेलं असतं, आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही ठरावात म्हटलंय की मुलाला घरच्यांपासून तोडण्याऐवजी घराला आधार द्या. पैसे द्यायचेच असतील तर मूल घरी ठेवणाऱ्याला द्या.