दोघंही नोकरी करणाऱ्या घरात किल्ल्या, बिलं, शाळेच्या नोटिसा यांसाठी एकच जागा कशी करावी? (भाड्याचं घर आहे)

तुम्ही लिहिलंय की दोघं नोकरीला, दोन मुलं, सासूबाई सोबत आणि रोज सकाळी काही ना काही सापडत नाही. आमचं घरही डिट्टो असंच, पुण्यात, फ्लॅट भाड्याचाच. म्हणून आमच्याकडे काय टिकलं तेवढंच सांगते.

आधी मी एक मोठा व्हाइटबोर्ड आणून बेडरूमच्या पॅसेजमध्ये लावला होता. छान दिसायचा, पण तिकडे जातंय कोण, दोन महिन्यांत मार्कर वाळून गेले. मग दोन्ही फोनमध्ये कॅलेंडर शेअर केलं, ते ऑफिससाठी अजून वापरतो, पण घरासाठी ते का पुरत नाही हे मला एका शनिवारी कळलं. धाकट्याची शाळा त्या दिवशी लवकर सुटणार होती, मेसेज माझ्या व्हॉट्सअॅपवर होता, मी वाचलाही होता आणि नवऱ्याला सांगितलंय असं धरून चालले. पोरगं तासभर वॉचमनकाकांजवळ बसून होतं. शाळा घरापासून पाच मिनिटांवर, सासूबाई घरातच होत्या, त्या सहज गेल्या असत्या हो, पण त्यांना माहीतच नव्हतं! त्या दिवशी फार रडू आलं मला. घराची सगळी माहिती एकाच्या डोक्यात आणि एकाच्या फोनमध्ये असली की असंच होणार, आणि ते डोकं बहुतेक घरांत बाईचंच असतं.

तेव्हा जागा निवडताना एक करा, आठवडाभर नुसतं बघा की घरात आल्यावर माणसं वस्तू कुठे टाकतात. आमच्याकडे सगळं चप्पल स्टँडवर आणि फ्रिजवर पडायचं, म्हणून त्या दोन्हींच्या मधली दीडेक फुटाची भिंत घेतली.

तिथे मधोमध कालनिर्णय. साधं भिंतीवरचं, कारण ते सासूबाईंना वाचता येतं आणि दुधाचे खाडे त्या त्यावर आधीपासूनच मांडत होत्या. ते त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलंय, नवऱ्याला थोडं वाकावं लागतं, वाकू दे. चौकटीत तिथी, नक्षत्र छापलेलं असतं त्यामुळे उरलेल्या जागेत दोनच शब्द मावतात, तेवढेच लिहायचे, "१२ला सुटी", "ओपन हाऊस ९". मुलांचं हिरव्या पेनने, माझं लाल, नवऱ्याचं निळं. पेनं नाडीने खिळ्याला बांधून ठेवा, नाहीतर आठवड्यात गायब होतात. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी बऱ्याचदा पाणी बंद असतं, ते कळलं की सासूबाईच बुधवारच्या चौकटीत "बादल्या" लिहितात.

खाली किल्ल्यांचे हुक, आणि त्याच्याही खाली धाकट्याच्या खांद्याइतक्या उंचीवर त्याच्या आयकार्डाचा हुक. हा एक हुक खाली घेतला आणि सकाळची अर्धी आरडाओरड संपली, कारण आता तो स्वतः आल्या आल्या तिथे अडकवतो.

चप्पल स्टँडवर एकच ट्रे. त्यात फक्त ज्या कागदाचं काहीतरी करायचंय तोच, म्हणजे सही, फी, बिल. काम झालं की फाइलमध्ये नाहीतर रद्दीत. पासपोर्ट, पॉलिसी, घराचा करार असलं ओरिजिनल काही तिथे ठेवू नका, ते कपाटातच बरं. फोनचं चार्जिंगही तिथे नको, वायरींचा गुंता होतो आणि माणसं तिथेच उभी राहून फोन बघत बसतात.

फ्रिजच्या बाजूला एक कागद मोठ्या अक्षरात: तातडीच्या मदतीचा ११२, अँब्युलन्सचा १०८, गॅस गळतीचा १९०६, डॉक्टर, सोसायटीचं ऑफिस, आणि आपला पूर्ण पत्ता. पत्ता कशाला असं वाटेल, पण घाबरलेल्या माणसाला फोनवर विंगचं नावसुद्धा आठवत नाही.

वर्षातून एकदाची कामं डिसेंबरअखेर नवीन कालनिर्णय आलं की जुन्यावरून उतरवून काढते, गाडीचा विमा, पीयूसी, पासपोर्टची मुदत (मुलांचा ५ वर्षांचाच असतो, हे पटकन विसरतं). गॅसची नळीसुद्धा ५ वर्षांनी बदलायची असते, ते वर्षही लिहून ठेवलंय. आणि रविवारी रात्री जेवणं झाली की सगळे दहा मिनिटं तिथे उभे राहतो, फोनमधले शाळेचे मेसेज मोठ्याने वाचायचे आणि थोरली ते चौकटीत लिहिते. हे दहा मिनिटांचं चुकलं तर बाकी सगळं असून उपयोग नाही, एवढं मात्र नक्की.

भिंतीला खिळे ठोकू देत नसतील तर चिकटणारे हुक घ्या, किल्ल्यांना पुरतात, फक्त लावायच्या आधी भिंत कोरडी पुसा आणि एक दिवस काही अडकवू नका. घरमालकाचा जुना एखादा खिळा असेलच, त्याला कालनिर्णय. बाकी कागद फ्रिजला चुंबकाने. आमचा खर्च तीनशेच्या आत झाला होता, तोही हुक आणि ट्रेचाच.