पाच वर्षांचा आराखडा चौथ्या महिन्यातच का बारगळतो?

तुम्ही दरवर्षी उत्साहाने धंद्याचं पाच वर्षांचं नियोजन करता, उलाढाल तिप्पट करायची ठरवता आणि चार-सहा महिन्यांत ती फाइल कुणी उघडतही नाही. शिस्त कमी पडते असं तुम्ही म्हणता. मला ते फारसं पटत नाही. बहुतेक आराखड्यांत नफा मांडलेला असतो, रोकड नसते, आणि घोडं तिथेच अडतं.

हिशेब करून बघा. पाच वर्षांत तिप्पट म्हणजे दरवर्षी साधारण २५ टक्के वाढ. ग्राहक ६० दिवसांनी पैसे देत असतील तर वर्षाच्या विक्रीचा जवळपास सहावा हिस्सा कायम उधारीत अडकलेला. विक्री तिप्पट झाली की तोही तिप्पट. माल आधी भरायचा, पगार महिन्याच्या महिन्याला द्यायचे. कागदावर नफा आणि खात्यात खडखडाट, अशी अवस्था नेमकी वाढीच्याच वर्षांत येते. मग हात जातो तो नव्या यंत्रासाठी किंवा माणसं तयार करण्यासाठी ठेवलेल्या पैशांकडे, कारण त्यांचा तगादा लावणारं कुणी नसतं. ध्येय कुणी सोडलेलं नसतं हो, त्याचे पैसे दुसरीकडे गेलेले असतात!

म्हणून पाच वर्षांच्या तक्त्याखाली पुढच्या १३ आठवड्यांचा रोकड-अंदाज ठेवा आणि तो दर आठवड्याला एक आठवडा पुढे सरकवा. त्यात बिलाची तारीख धरायची नाही, पैसे खरोखर कधी येतील ती धरायची. लांबच्या कामांचा पैसा वेगळ्या खात्यात. आणि उधारी ६० वरून ४५ दिवसांवर आणलीत तर वर्षाच्या विक्रीच्या सुमारे चार टक्के रक्कम कर्ज न काढता मोकळी होते. एकदाच होते, पण होते.

अ‍ॅमेझॉनचं उदाहरण लोक चिकाटीसाठी देतात. कंपनी १९९७ मध्ये शेअर बाजारात आली, पूर्ण वर्षाचा पहिला नफा २००३ मध्ये. पण हिशेबातला नफा देखणा दिसणं की भविष्यातली रोकड, अशी वेळ आली तर रोकड निवडू, हे त्यांनी १९९७ च्या वर्षाच्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रातच सांगून ठेवलं होतं. (पाठीशी गुंतवणूकदारांचे पैसे होते, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.) उलट इंटेलने १९८५ मध्ये ज्या मेमरी चिपवर कंपनी उभी राहिली तोच धंदा सोडायचं ठरवलं. तेव्हा चिकटून राहणं दरवेळी शहाणपणाचंच असतं असं नाही. प्रत्येक आकड्याशेजारी तो कशाच्या भरवशावर धरलाय ते लिहा, आणि कोणती गोष्ट घडली तर बेत बदलायचा तेही आत्ताच, डोकं थंड असताना.

तुमची उधारी सरासरी किती दिवसांची आहे आणि माल किती दिवस पडून राहतो? हे दोन आकडे दिलेत तर २५ टक्के वाढ झेपेल की नाही ते बघता येईल. मला शंका आहे.