सुरीच्या पात्याला बेल्ट ग्राइंडरवर हाताने उतार काढताना: वाचकांचे प्रश्न

सरावाच्या पोलादी पट्टीवर एकसलग उतार (धारेकडे पातळ होत जाणारी बाजू) येण्याऐवजी तीन-चार पैलू पडतात. कोन हातात धरून ठेवायचा कसा?

धरून ठेवू नका, शोधायला शिका. 3 मिमी जाड आणि 25 मिमी रुंद पात्याला पाठीपर्यंत उतार काढायचा आणि धारेशी 0.8 मिमी जाडी ठेवायची, तर एका बाजूचा कोन येतो जेमतेम अडीच अंश. इतका बारीक कोन डोळ्यांनी धरता येत नाही.

त्यामुळे सुरुवात खुणांपासून करा. धारेच्या कडेला निळी शाई किंवा मार्कर फासा. पट्टीच्या जाडीइतक्याच व्यासाचे ड्रिल बिट सपाट फरशीवर, पट्टीशेजारी आडवे ठेवा आणि त्याच्या टोकाने कडेवर ओरखडा काढा. पट्टी उलटून दुसऱ्या बाजूनेही काढा. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर मध्य सापडला. शेजारी पडल्या तर मध्य त्या दोघींच्या मधोमध. मध्याच्या दोन्ही बाजूंना 0.4 मिमीवर रेघा मारल्या की धारेची 0.8 मिमी जाडी ठरते.

आता ग्राइंडरच्या जुन्या, झिजलेल्या बेल्टवर (घासणाऱ्या पट्ट्यावर) साधारण 45 अंशांत या रेघांपर्यंत कड मोडा. नव्या बेल्टवर कोरी काटकोनी कड टेकवली की ती बेल्टचे दाणे ओरबाडून काढते, म्हणून या कामाला जुनाच बेल्ट.

मग 60 ग्रिटचा (दाण्यांचा आकडा; जितका मोठा तितका बेल्ट बारीक) ताजा बेल्ट. धार वर, बेल्ट वरून खाली. कोपरे बरगड्यांना चिकटवा आणि हात न हलवता एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत पाते ओढा. आता तो 45 अंशांचा छोटा उतार पाठीकडे चढवत न्यायचा आहे. दाबणारा अंगठा धारेलगत असेल तर धार पातळ होते. तो पाठीकडे सरकवला की घासणेही तिकडे सरकते. प्रत्येक फेरीआधी पाते प्लेटनवर, म्हणजे बेल्टमागच्या सपाट आधारपट्टीवर, हलकेच टेकवा. आधीचा पैलू सपाट बसला की थरथर थांबते आणि पाते बेल्टला चिकटल्यासारखे वाटते. तोवर भार देऊ नका. पैलू पडतात ते बहुतेक वेळा यामुळेच: पाते बसायच्या आत जोर लावला जातो. दर दोन-तीन फेऱ्यांनी उतारावर मार्कर फिरवा. शाई कुठे पुसली ते पाहिले की अंगठा कुठे हवा ते कळते.

उजवी बाजू चांगली येते, डावी बिघडते. मुठीजवळच्या दोन रेघा जुळत नाहीत.

उतार जिथे सुरू होतो ती रेघ, म्हणजे प्लंज लाइन, दोन्ही बाजूंना एकसारखी यायला फाइल गाइड लावा: कडक पोलादाच्या दोन पट्ट्या, स्क्रूने पात्यावर आवळलेल्या. बेल्ट प्लेटनच्या कडेबाहेर 2-3 मिमी ठेवला तर कोपऱ्यात तीक्ष्ण खाच न पडता गोलाई येते. कडक पात्यात तीक्ष्ण खाचेपासूनच तडा जाण्याची भीती असते.

आधी अवघड जाणारी बाजू घासा. हुकमी हाताने कच्च्या हाताची नक्कल करता येते, उलटे सहसा जमत नाही. आणि एक बाजू पूर्ण संपवून दुसरीकडे वळू नका. चार-पाच फेऱ्यांनी बाजू बदला, नाहीतर धार मध्यरेघेवरून सरकते आणि पातळ पाते वाकतेही.

टोक पातळ आणि गोल का होते?

टोक बेल्टच्या बाहेर जाईपर्यंत दाब चालू राहतो, म्हणून. टोक बेल्टच्या मध्याशी आले की दाब सोडा आणि पाते समोरून उचला. पोटाच्या, म्हणजे धार टोकाकडे वळते त्या भागाच्या, वळणावर बेल्ट टेकलेल्या जागी धार आडवी राहील असे पाते फिरवत न्या. धार वर असेल तर यात मूठ किंचित खाली जाते.

पाणी दिलेल्या (तापवून, बुडवून कठीण केलेल्या) पात्याची धार घासताना निळी पडली. निळा रंग घासून काढला, आता ठीक आहे ना?

नाही. रंग हा वरचा ऑक्साइडचा थर. तो गेला तरी आतली उष्णता आपले काम करून गेलेली असते. साध्या कार्बन पोलादावर फिकट पिवळा रंग 200 ते 220 अंश सेल्सिअसच्या आसपास येतो, निळा सुमारे 300 ला. तुमचे टेंपरिंग (पाणी दिल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा हलके तापवणे) 200 अंशांवर झाले असेल तर निळ्या भागाची कठीणता उतरली. तो भाग घासून मागे जा किंवा पुन्हा पाणी द्या. पाणी देण्यापूर्वी असा रंग आला तर काळजी नाही.

पुढच्या वेळी उघड्या हाताने घासा, पाते दर फेरीला पाण्यात बुडवा आणि धारेलगतचा ओला थर पाहत राहा. तो वाळला की लगेच पुन्हा बुडवा. बोथट बेल्ट कापण्यापेक्षा तापवतो जास्त, त्यामुळे पाणी दिल्यानंतर बेल्टची काटकसर नको. हातमोजे तर घालूच नका: चटका कळत नाही आणि कापड बेल्टमध्ये ओढले जाते.

पाणी देण्याआधी किती घासायचे, आणि ग्रिट कोणते?

धारेशी 0.8 ते 1 मिमी राहू द्या. त्याहून पातळ केले तर पाणी देताना धार लाटेसारखी वळते. पाणी दिल्यावर 0.3-0.4 मिमीपर्यंत उतरा.

ग्रिट 60, 120, 220, 400. एकही पायरी गाळू नका. प्रत्येक वेळी ओरखड्यांची दिशा थोडी तिरकी बदला, म्हणजे आधीचे राहिलेले लगेच दिसतात. 60 चा ओरखडा 400 वर दिसला तर थेट 120 वर परत जावे लागते. सिरॅमिक बेल्टला मात्र जोर द्या. हलक्या हाताने त्याचे दाणे फुटत नाहीत, तो नुसता गुळगुळीत होतो.

कोन पक्का धरणारे जिग घेऊ का?

एकसारखी पाती काढायची असतील तर घ्या. शिकायला नको. सरळ पट्टीवर ते छान चालते, पोटाच्या वळणावर मात्र हातच लागतो. त्यापेक्षा वेग कमी करता येणारी मोटर आधी घ्या. 4 इंची चाक मिनिटाला 2,800 फेरे घेते तेव्हा बेल्ट सेकंदाला सुमारे 15 मीटर धावतो. नवख्याने त्याच्या निम्म्या वेगाने सुरुवात करावी.

त्याच यंत्रावर मुठीचे लाकूड आणि ॲल्युमिनियमही घासले तर?

धूळ वेगळी ठेवा. लाकडाच्या भुशात पोलादाची ठिणगी पडली की ती धुमसत राहते, आणि काम संपवून तुम्ही निघून गेल्यावर पेटते. ॲल्युमिनियमची भुकटी लोखंडाच्या गंजात मिसळली तर ठिणगीने प्रचंड उष्णतेने जळते आणि पाणी मारून विझत नाही. दर वेळी यंत्र झाडून पुसून घ्या. पोलाद घासताना धूळ ओढणाऱ्या नळीखाली पाण्याची बादली ठेवा, आणि तोंडावर कापडी नव्हे तर बारीक धूळ अडवणाऱ्या पी100 फिल्टरचा मास्क लावा.