हंगाम चालू असतानाच

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. कॉलेजच्या फुटबॉल संघात जागा मिळाली, आता सरावातून वेळ उरत नाही, म्हणून अवघड विषय खेळ संपल्यावर पाहू, असे तू लिहितोस. याच प्रश्नाला ज्यांनी स्वतःच्या वागण्यातून उत्तर दिले, त्या अमेरिकन फुटबॉलपटू अ‍ॅलन पेज यांच्याविषयी तुला सांगावेसे वाटते.

त्यांचा जन्म १९४५ साली अमेरिकेच्या ओहायो राज्यातील कँटनचा. त्या गावात अमेरिकन फुटबॉलचे हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचे सन्मानस्थान, उभे राहत होते, तेव्हा कोवळ्या वयात त्यांनी त्याच बांधकामावर काम केले. १९६७ साली नोट्र डेम विद्यापीठाची पदवी घेऊन ते मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघात आले आणि बचावफळीच्या मधोमध उभे राहिले. १९७१ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यांची निवड झाली. बचाव करणाऱ्या खेळाडूला हा मान तोवर कधीच मिळाला नव्हता. या जागेवर प्रत्येक डावाला समोरच्या धिप्पाड माणसाशी हातघाई असते. पेज यांच्या डाव्या हाताची करंगळी वारंवार निखळून आजही काटकोनात बाहेर वळलेली दिसते. त्यांचे छायाचित्र मिळाले तर ती करंगळी जरूर बघ, म्हणजे हा माणूस खेळात कुठे कमी पडत होता म्हणून पुस्तकांकडे वळला, असा समज तुझ्या मनात राहणार नाही.

कायद्याच्या शिक्षणाचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता; नाव घातले आणि काही आठवड्यांतच सोडले. मला त्यांच्या चरित्रातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण पुढे काही वर्षांनी, संघात पूर्ण वेळ खेळत असतानाच, ते पुन्हा वर्गात जाऊन बसले आणि १९७८ साली मिनेसोटा विद्यापीठातून कायद्याचे पदवीधर झाले. त्याच वर्षी व्हायकिंग्जनी त्यांना संघातून काढले. लांब पल्ल्याच्या धावण्याने त्यांचे वजन उतरले होते आणि ते संघाला पसंत नव्हते. शिकागो बेअर्सनी त्यांना घेतले आणि तिथे ते १९८१ पर्यंत खेळले. नोकरी गेली त्या वर्षी हातात पदवी होती, ती आधीची वर्षे त्यांनी वाया घालवली नव्हती म्हणून.

पुढे वकिली झाली, मग राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयात काम झाले. १९९२ साली ते मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आले, त्या न्यायासनावरचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती म्हणून, आणि सत्तरी गाठल्यावर नियमाप्रमाणे २०१५ साली निवृत्त झाले. १९८८ साली हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला, त्या समारंभात आपला परिचय करून देण्यासाठी त्यांनी एखादा प्रशिक्षक न निवडता एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावले, आणि भाषणही शिक्षणावरच केले. त्याच वर्षी सुरू केलेल्या त्यांच्या संस्थेची शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्याला लहान मुलांना शिकवण्यासाठी वेळ द्यावा लागतो, ही अट मला फार आवडते.

तेव्हा या सत्रात एक तरी अवघड विषय घे. तो झेपला नाही तर सोड, पण पुढच्या सत्रात पुन्हा घे. सोमवारी तुझ्या सल्लागार प्राध्यापकांना भेट आणि कोणता विषय ठरला ते मला कळव.