विंडो अडकली की रॅमला दोष देऊ नका

आंब्याचा हंगाम आला की पायथन या प्रोग्रामिंग भाषेत सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचे तेच प्रश्न परत यायला लागतात, म्हणून यावेळी एकत्रच उत्तरं देतोय.

दापोली : पायथन येतं. विंडोवालं सॉफ्टवेअर करायला टीकिंटर घेऊ की पायक्यूटी?
दोन्ही विंडो, बटणं बनवायची साधनं. टीकिंटर घ्या. विंडोजवर ते पायथनसोबतच येतं, वेगळं काही टाकावं लागत नाही.

देवगड : आंब्याच्या पेट्यांची बिलं करायचं सॉफ्टवेअर बनवलंय. 'सेव्ह' दाबलं की विंडो पांढरी पडते, 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. दुकानदार म्हणतो रॅम वाढवा. वाढवू का?
नका वाढवू! रॅमचा इथे काही संबंध नाही आणि हे दुकानदार प्रत्येक रोगाला रॅमच का विकतात ते उघड आहे. विंडोचा एक मेन थ्रेड (एकामागून एक कामं करणारी मुख्य साखळी) असतो, क्लिक घेणं, चित्र रंगवणं सगळं तोच करतो, आणि तुम्ही बटणाच्या फंक्शनमध्येच सगळा हिशोब, पीडीएफ, ईमेल कोंबलंत की तो तिकडे अडकतो. पाच सेकंद त्याने दाद दिली नाही की विंडोज त्याला 'नॉट रिस्पॉन्डिंग' ठरवतं. मला खरी काळजी पुढची आहे. माणूस घाबरून परत परत क्लिक करतो, त्यातले काही क्लिक रांगेत साठतात आणि एकच बिल दोनदा सेव्ह होतं. नाहीतर टास्क मॅनेजरमधून बंद करतो, आणि तुम्ही दर ओळीला कमिट (कायमची नोंद) करत असाल तर अर्धंच बिल उरतं. मग बागायतदाराचे पैसे चुकतात, भांडण होतं. म्हणून जड काम वेगळ्या थ्रेडवर टाका, बटण लगेच बंद करा, पूर्ण बिल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा, म्हणजे लिहिलं तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही. त्या थ्रेडमधून विंडोला हात लावू नका, निकाल क्यूमध्ये (रांगेत) ठेवा आणि विंडोने 'आफ्टर' ही टीकिंटरची 'थोड्या वेळाने कर' सांगायची सोय वापरून तो थोड्या थोड्या वेळाने उचलावा. एसक्यूलाइट (एका फाइलीतला डेटाबेस) असेल तर कनेक्शन त्या वेगळ्या थ्रेडमध्येच उघडा, एका थ्रेडचं दुसऱ्यात वापरलंत तर पायथन एरर देतं. हे सगळं हंगाम संपल्यावर नको, आत्ताच करा, आणि आधी कोणा जाणत्याला कोड दाखवा.

मालवण : पायइन्स्टॉलरने (पायथन प्रोग्रामची थेट चालणारी फाइल बनवणारं साधन) केलेली ईएक्सई अँटीव्हायरस उडवतो. मित्र म्हणतो अँटीव्हायरसच बंद ठेव.
मित्राचं ऐकू नका. सगळं एका फाइलीत कोंबण्यापेक्षा फोल्डरवाला पर्याय घ्या, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. तरी उडवत असेल तर अँटीव्हायरस कंपनीला फाइल तपासायला पाठवा. होमस्टेवाल्यांना विकणार असाल तर कोड सायनिंगबद्दल (फाइल तुमचीच आहे हे सांगणारी डिजिटल सही) माहितगाराशी बोला.

रत्नागिरी : पायक्यूटी फुकट आहे ना? एका हॉटेलला विकायचंय.
फुकट आहे, पण जीपीएल नावाच्या लायसन्सवर. म्हणजे गिऱ्हाईकाला सोर्स कोडही द्यावा लागतो, नाहीतर कमर्शियल लायसन्स घ्यावं लागतं. पायसाइड या तशाच साधनाला एलजीपीएल हे जरा सैल लायसन्सही चालतं, अटी त्यालाही आहेत. 'फुकट, बिनधास्त वापरा' असं क्लासवाले सांगतात ते ऐकून सौदा करू नका, वकिलाला विचारा.

वेंगुर्ला : काजूच्या कारखान्यातला कॉम्प्युटर विंडोज ७ चा आहे. चालेल?
पायथन ३.८ पर्यंतच चालेल, आणि त्याचे अपडेट २०२४ मध्येच थांबले. विंडोज ७ चे तर २०२० मध्ये. मशीन बदला, पण आधी डेटाची कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती उघडते का तेही बघा.